सोळाचा

डिसेंबरात पाथर्डी फाट्याला पाणी हाडापर्यंत जातं.
सहाला मी गीझर लावतो.
प्रतिभाचा ओव्हन त्याआधीच तापलेला,
आत गोविंदनगरच्या कुणाच्या तरी बारशाचा केक,
आणि कुमुद शाळेचा फ्रॉक इस्त्री करत असते.
वीस मिनिटं सगळं सुरळीत.
मग दारामागे
खट्.

डोक्याला साबण. केक अर्धा फुगलेला.
टॉवेल धरून अंधारात चाचपडतो, खटका वर करतो.
तो पुन्हा पडतो. मी त्याला शिवी देतो.
तो ऐकून घेतो आणि पडतो.

"बत्तीसचा बसवून टाका, कटकट नको,"
मी म्हणालो हेमलता बागुलला.
सातपूर आयटीआयची. स्कूटीच्या डिकीत टेस्टर, पक्कड, जेवणाचा डबा.
तिने पिशवीतून वीतभर वायर काढली.
"जेल रोडची. तिथल्या साहेबांनाही बत्तीसच हवा होता."
वायर लाल होती म्हणे.
आता भाजलेल्या वांग्याचं साल.
बोटात धरली तर चुरा झाला,
वास मात्र तसाच.

"हा ब्रेकर ओव्हनचा नाही, गीझरचा नाही, तुमचाही नाही.
भिंतीतल्या तारेचा आहे.
तिला तोंड नाही, म्हणून हा पडतो."

गॅसच्या पावतीमागे तिने मांडलं:
सोळा गुणिले दोनशे तीस,
तीन हजार सहाशे ऐंशी.
"तेवढंही तासन्तास ओढायचं नाही. तीन हजाराच्या आत राहा.
तुमचं किती?"
गीझर दोन हजार, ओव्हन दोन, इस्त्री एक.
मी पुटपुटत बेरीज केली, चौथीत करायचो तशी.
पाच. भागिले दोनशे तीस. बावीसला टेकलं.
"लगेच नाही पडत तो. थोडं सोसतो.
पण आत तापत असतो, आणि तारही."

अंबडला वाइंडिंगच्या खात्यात मला एकोणीस वर्षं झाली.
जळालेली मोटर आली की नुसत्या वासावरून सांगतो
किती लोड टाकला असेल बेट्यांनी.
हे मी हेमलताला सांगितलं नाही.
प्रतिभाने सांगितलं. चहा देताना.

ओव्हनला वेगळी लाइन, वेगळा ब्रेकर:
साडेचार हजार.
"नऊ केक," प्रतिभा म्हणाली, कप न ठेवताच.
तोवर पाळी लागली. इस्त्री रात्री,
पहाटे आधी केक, मग माझी अंघोळ.
बाथरूमच्या दाराशी मी बनियनवर कुडकुडतो,
व्हॅनिलाचा वास घेत.

रविवारी मालेगावहून मेहुणे आले,
सोबत नवा कोरा रूम हीटर.
प्लग हातात, निघालेच भिंतीकडे.
कुमुद आडवी उभी राहिली.
"मामा, वॉट किती?"

त्यांनी हीटर उलटा केला.
मग खिसे चाचपून
चष्मा शोधायला लागले.