अजनीच्या यार्डात

सकाळी परिपत्रक आलं.
आजवर फक्त तेलावर होता तो अर्धा टक्का
आता सगळ्यावर:
सुटे भाग, डाळ, खेळणी, सुपारी.
नाव, सागरी संरक्षण अधिभार.
मी नवा रकाना उघडला, आकडा भरला
आणि खिडकीबाहेर पाहिलं.
अजनी. मे महिना. शेहेचाळीस अंश.
समुद्र इथून सातशे-आठशे किलोमीटर,
कुठल्याही बाजूनं निघा.

इतवारीचे हुकुमचंद सिंगई आले,
चाळीस वर्षं सुपारीतले.
चलन टेबलावर आपटून म्हणाले,
"काहून वो बाई, नागनदीत चाचे शिरले का?"
सगळं ऑफिस हसलं. मीही.
मग ते बोटांवर हिशोब मांडू लागले,
कंटेनरमागे किती, पोत्यामागे किती,
आणि शेवटी पानठेल्यावर
एका पुडीत किती फोडी कमी.
"म्हणजे चाच्यानं लुटलं कोनाले?
खर्रा खानाऱ्याले!"

मला म्हणायचं होतं,
सिंगईजी, हा धंदा आपल्या गावाला नवा नाही.
इथूनच घोडे निघायचे,
महालातून कटक, कटकवरून गंगेकडे,
चौथ मागायला.
चौथा हिस्सा द्या,
आम्ही लुटणार नाही, दुसऱ्याला लुटू देणार नाही.
तिकडच्या आया म्हणे अजून
आपल्या नावानं पोरं निजवतात.
रखवाली की दरोडा,
ते पावती कोणी फाडली त्यावर ठरायचं.

पण मी सरकारी नोकर.
म्हटलं, "सही इथे करा."

यार्डात सील तपासतो तो सुगत मेश्राम.
इंदोऱ्याचा. आधी जहाजावर ऑइलर होता.
एकशे त्र्याण्णव दिवस त्याचं जहाज
कुठल्याशा उजाड किनाऱ्यासमोर उभं होतं,
आणि त्याची आई इथे दारोदार.
एजंट म्हणाला कंपनीला विचारा,
कंपनी म्हणाली विम्याला,
विमा म्हणाला, झेंडा दुसऱ्या देशाचा.
झेंड्याचं तिला कळलं नाही.
"पोरगं तं इंदोऱ्याचं हाय ना,"
एवढंच ती सगळ्यांना सांगत राहिली.

सुगत बोलत नाही त्यावर.
एकदाच, चहा गार होईपर्यंत थांबून, म्हणाला:
"इंजिनरूममध्ये कोंडून घेतलं होतं आम्ही.
दार वाजलं. वाटलं, आपलेच आले."

हा अर्धा टक्का कुठे जाईल मला ठाऊक नाही.
फायलीत जिरेल,
एखाद्या गस्तीच्या बोटीच्या डिझेलमध्ये जळेल,
किंवा कुणाच्या तरी बंगल्याची फरशी होईल.
परिपत्रकात तेवढं लिहिलेलं नसतं.

दुपारी सिंगईजींचा कंटेनर उघडायचा होता.
पत्रा तापून टिकटिक करत होता.
सुगतनं सील कापलं,
आणि कडी ओढण्याआधी
बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं,
हळू, जसं आजाऱ्याच्या खोलीचं दार.
मग कान देऊन उभा राहिला.
रोजचंच आहे हे. हमाल आता हसतही नाहीत.

"अरे, सुपारी हाय आत," सिंगईजी म्हणाले,
"कोन बोलनार हाय तिथून?"

सुगतनं मान हलवली. तरी थांबला.
सिंगईजींनी घड्याळावर नेलेला हात
खाली घेतला.
मीही पेन थांबवलं.

आम्ही तिघं
त्या उन्हात
ऐकत राहिलो.