उरलेलं पाणी

उद्या रात्री उणे नऊ, असं रेडिओवर सांगितलं
तेव्हा लाकी म्हणाला, "आजच."
गिम्लीच्या धक्क्यावरून होड्या कालच ओढून घेतल्या होत्या.
त्याची खुर्ची मी बाहेर मांडली, व्हॅनच्या उजव्या अंगाला,
गुडघ्यांवर घोंगडी, हातांत हातमोजे.
थंडी अजून तेवढी नाही,
पण हातमोज्यांत थरथर कमी दिसते.

चोवीस वर्षं हे काम त्याचं.
पाऊण तासात उरकून, हात पुसत आत यायचा
आणि म्हणायचा, "झोपली."
मी कधी विचारलं नाही, कशी झोपवतोस.

आता मी गारठलेल्या खडीवर पाठ टेकून,
डोकं चाकामागे, आणि वरून त्याचा आवाज:
"निळी नळी थंडची, लाल गरमची.
टोकाला टोपण आहे. पिळ.
नाही, दुसरीकडे."
दुसरीकडे पिळलं, आणि पाणी सरळ बाहीत शिरलं,
कोपरापर्यंत, काखेपर्यंत.
मी जी शिवी दिली ती आमच्या घरात आइसलँडहून आलेली,
कपबश्यांसारखी जपलेली.
तो इतका हसला की घोंगडी खाली पडली.

टाकी रिकामी व्हायला वीस मिनिटं लागतात.
हे पाणी ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी
रायडिंग माउंटनला भरलेलं.
अर्धं वापरलं: बटाटे, दाढी, दात,
आणि त्या रात्री त्याला कप धरता येईना
तेव्हा शर्ट धुतला, ते.
बाकीचं आता खडीतून, मर्व्हिनच्या कुंपणाकडे
सावकाश निघालंय, कुणी बोलावल्यासारखं.
उन्हाळ्यावर पाणी सोडायचं ते असं.

मग हीटरची कांडी.
मोठा पाना लागतो, आणि अख्खं अंग.
बाहेर आली तेव्हा नुसती तार उरली होती,
मधेमधे पांढरट खरवड.
"तिचं कामच ते," लाकी म्हणाला,
"ती झिजते, म्हणून टाकी गंजत नाही."
थांबला. माझ्याकडे बघत राहिला.
तो आता काय म्हणणार ते मला कळलं.
"मुळीच नाही," मी म्हटलं. "नवी आणलीये. एकतीस डॉलर."

पाण्याची भीती नसते, तो सांगतो.
भीती उरलेल्या पाण्याची.
घोटभर, कुठल्या तरी वळणात बसलेलं,
गोठताना अंग फुगवतं
आणि पितळ चिरतं, काकडीसारखं.
चिरतं जानेवारीत, कळतं मे महिन्यात.

पंपाची नळी गुलाबी द्रवाच्या डब्यात.
तोट्या एकेक करून, लांबची आधी.
खोकते, थुंकते, पाणी, हवा, पाणी,
आणि मग रंग,
पोरींच्या वाढदिवसाच्या सरबताचा.
"आला?"
"आला."
"आता गरमची."
"आला."
सिंकमध्ये एक पेला, शॉवरच्या जाळीत एक.
संडासातसुद्धा गुलाबी. तिथे मात्र मला हसू आलं.

झालं सगळं. पाना पुसला, डबा बंद केला.
तरी कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटत राहिलं.
लाकीही गप्प. डोळे मिटून
तो नळीनळीतून चालत निघालेला,
टाकीतून पंपात, पंपातून वळसा घालून मागे,
ओठ हलतायत.
"बाहेरचा शॉवर," एकदम. "मागच्या झडपेआड."

ती झडप मी विसरलेच होते.
पाय धुवायचा शॉवर. खाचेत अजून ग्रँड बीचची वाळू.
उघडला. आधी एक घोट स्वच्छ पाणी.
मग गुलाबी.

"वहीत लिही," तो म्हणाला. "पुढच्या वर्षासाठी."
लिहिलं. बाहेरचा शॉवर, खाली दोन रेघा.
तू आहेस की सांगायला, असं मी म्हटलं नाही.
तोही काही बोलला नाही.
त्याने हातमोजे काढले
आणि माझी ओली बाही पिळायला घेतली.
बराच वेळ लागला.
मी हात तसाच धरून ठेवला.