ओ

उपासनेच्या शेवटी, सूचनांमध्ये,
कुणाचीतरी हरवलेली छत्री आणि कापणीच्या सणाची वर्गणी
यांच्या मधोमध रेव्हरंड अमोलिकांनी विचारलं,
कुपवाडला जाईल का कुणी?
एमआयडीसीच्या मागं झारखंडची माणसं राहतात.
आपलीच आहेत.
आपलीच म्हणताना आवाज जरा खाली गेला.
मी चपलेचा अंगठा नीट करत राहिले.

चौतीस वर्षं मिरजेत, मिशनच्या इस्पितळात,
भाजलेल्यांच्या वॉर्डात पट्ट्या बदलल्या मी.
निरोपाचं घड्याळ अजून खोक्यात आहे.
गुडघे वाजतात. साखर आहे.
पाचारण म्हणजे मला वाटायचं गोवरासारखं,
लहानपणी एकदा येऊन गेलं की परत येत नाही.

तरी गेले.
मंगळवारी स्टॉपवर सांगलीची बस आली नाही
आणि कुपवाडची आली, एवढंच.

फौंड्रीच्या भिंतीला टेकलेल्या अकरा खोल्या.
दारात बूट, बुटांत साच्याची काळी वाळू.
मी पिशवीतून शुभवर्तमानाच्या प्रती काढल्या, मराठी.
त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या,
मग अलबिस टोप्पोनं हळूच विचारलं,
दीदी, जले पे लगाने का कुछ है?

होतं.
पिशवीच्या तळाशी, जुन्या सवयीनं.

तेव्हापासून माझी सेवा म्हणजे
मलमाची ट्यूब, गॉज, आधारकार्डाची झेरॉक्स,
आणि ठेकेदाराला फोन, की बाबा, हातमोजे दे.
ते येसु म्हणतात, आम्ही येशू.
त्यांना गायनं शिकवीन म्हणून वही नेली होती.
त्यांनी मांदर काढला, भिंतीशी बसून चार सुरांत काही म्हटलं;
वही मी मांडीखाली घेतली.

माघात फुलमनीचं बाळ गेलं.
सहा दिवसांचं. नाव ठेवायचं राहिलं होतं.

पंचमंडळ जमलं. चहा झाला.
रजिस्टरात नाव नाही, कुठला दाखला नाही,
आज एकाला दिली तर उद्या किती येतील,
आणि दफनभूमीत जागा कुठं आहे?
खरंच नव्हती.
होती ती माझी. ह्यांच्या शेजारची,
पावती क्रमांक दोनशे सात,
दर नाताळाआधी मी जिथलं गवत काढते.

म्हटलं, माझ्यात घाला त्याला.

खजिनदार चष्मा पुसत म्हणाले, बाई, मग तुमचं कसं?
म्हटलं, केवढंसं ते.
मी आले की सरकेल थोडं.

अलबिसनं माती लोटली, त्याच भाजक्या हातानं.
फुलमनी रडली नाही, गायली.
शब्द एक कळला नाही मला,
आमेन कुठं म्हणायचं ते कळलं.

हल्ली रात्री-अपरात्री फोन वाजतो.
मागं भट्टीची घरघर, मग कुणाचातरी आवाज: आयो.
त्यांच्यात आईला आयो म्हणतात.
मला मूल झालं नाही. हे सांगायचं राहूनच गेलं त्यांना.

तासगावला लहानपणी आई परसातून हाक मारायची.
मी खेळात रंगलेली, बसल्या जागेवरून 'ओ' द्यायची,
आणि उठायची नाही.
पुष्कळ वर्षं देवालाही मी तशीच ओ देत आले असेन.

आता ती पळवाटही राहिली नाही.
आयो म्हणणाऱ्यानं माझी ओ
आपल्याच हाकेत उरकून टाकलेली असते.
मी दिवा लावते,
अंधारात चपला चाचपते.
एक सापडते. दुसरी खाटेखाली.