निळ्या टोपणाची नळी

सलालाला खरीफ लागला की डोंगर हिरवे होतात
आणि आपली माणसं बावचळतात.
भालू चिंदरकर, वेल्डर, वय एकेचाळीस,
शुक्रवारी इत्तीनच्या धुक्यात उंट बघायला गेला
आणि पिशवीभर अळंबी घेऊन आला.
पांढरी, टोपीवर किंचित हिरवट झाक,
देठाच्या तळाशी एक वाटी.
ती वाटी मातीतच राहते. उपटताना कोण बघतं?

लहानपणी आईच्या मागून तो वारुळं शोधत फिरलेला.
हात विसरत नाहीत, डोळे फसतात.
कांदा, खोबरं, दोन मिरच्या,
आणि पारख म्हणून पातेल्यात चांदीची अंगठी.
अंगठी काळी पडली नाही.
शाजीने वास घेतला आणि आपली डाळ वेगळी काढली.

रात्रभर काहीच नाही.
पहाटे उलट्या, जुलाब, पाण्यासारखे.
शनिवार गेला. रविवारी उठून बसला,
पेज मागितली, आणि मी सुई टोचताना म्हणाला,
"माका बरा वाटता, बाय. सोडूक सांगा."

मी लॅबमधली. माझ्याकडे आकडे आधी येतात.
पंचेचाळीसच्या आत हवं ते
एकविसशे होतं.

मराठीत काळीज कुठे असतं ते नक्की नाही.
प्रेमात पडलं की डावीकडे,
मटणवाल्याच्या फळीवर उजवीकडे.
त्याचं उजवीकडचं चाललं होतं.

हे विष जाळत नाही, कुरतडत नाही.
काळजाला ते आपलंच पित्त वाटतं, दार उघडतं.
आत प्रत्येक पेशीत एक कारकून बसलेला :
मोठ्या वहीतून चिठ्ठी उतरवायची,
खाली भटारखान्यात द्यायची, दिवसरात्र.
विष फक्त त्याच्या मनगटावर बसतं.
वही शाबूत, चूल पेटलेली,
चिठ्ठी येत नाही.
पित्तातून ते आतड्यात उतरतं, तिथून परत वर,
रिटर्न तिकिटावर सुट्टी संपवून
त्याच कंपनीत त्याच कामाला.

डॉक्टर थुरैया सलाईन वाढवते, औषधं बदलते,
मस्कतला फोन लावते.
मोफिज रात्रपाळी करून येतो, बाकावर झोपतो.
बुधवारी भालूचे डोळे हळदीचे.
मला विचारतो, "आकडे कितके इले?"
मी म्हणते, उतरले.

खोटं नाही. सहा हजारांवरून नऊशेवर आलेत.
पण उतरण्याचे दोन अर्थ असतात :
काळीज सावरतंय,
किंवा सांडायला आता काही उरलंच नाही.
कुठला, ते आकडा सांगत नाही.
ते सांगते निळ्या टोपणाची नळी.

मशीन दुपारपासून बंद, म्हणून हातानेच.
कोमट पाण्यात नळी, थेंबभर औषध, घड्याळ.
निरोगी रक्त बारा-तेराला गोठतं.
काल याचं एक्केचाळीसला गोठलं होतं.
बाहेर धुकं काचेला चिकटलंय,
शाजी दारात उभा, काही विचारत नाही.
मी नळी तिरकी करते, सरळ करते, तिरकी करते.
तेरा. चौदा.
अजून पाणीच.
वीस.
सव्वीस.
काहीतरी धाग्यासारखं दिसतंय,
की माझीच पापणी.