पट्टा शेवटपर्यंत ओढून

चौगुलेबाई म्हणाल्या, इंजिन बघायला दुसरा माणूस येईल,
तुम्ही फक्त आतलं बघा.
आतलं म्हणजे सीट, छत, दारांची अस्तरं, खालचा गालिचा.
तीस वर्षं मी तेच बघतोय.
उद्यमनगरात दोन लेथच्या मधल्या बोळात माझं मशीन.
गाडी बाहेरून कितीही धुवा,
कोण बसलं, किती बसलं, कुठल्या कुशीवर कललं,
फोम विसरत नाही.

शिरोलीच्या अलीकडं, हायवेला लागून धैर्यशीलचं आवार.
एकाच गाडीच्या तीन पिढ्या त्यानं ओळीनं लावलेल्या,
तोंडं रस्त्याकडं, बोनेटवर झेंडूच्या सुकल्या पाकळ्या.
बाई एलआयसीतून निवृत्त.
त्यांच्या साहेबांकडं ह्यातली पहिली होती, काळी.
"दार लावलं की रस्ता बाहेर राहायचा हो," म्हणाल्या,
"मला तेवढंच पाहिजे."

पहिली एकवीस वर्षांची.
ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड सुतापर्यंत झिजलेली,
मागची सीट मात्र पाहुण्यांच्या गादीसारखी, कोरी.
काच खाली येते
जेवून उठलेल्या व्याह्याच्या चालीनं.
पण दार लागतं ते, धप्प.
भरल्या कणगीवर झाकण पडावं तसं.
बाईंनी तीनदा लावून बघितलं.
चौथ्यांदा डोळे मिटून.
धैर्यशील खालच्या आवाजात मला म्हणाला,
हिचा एक दिवा फुटला तर पुण्यातबी मिळायचा न्हाई.

तिसरी नवीकोरी म्हणावी अशी. दामदुप्पट.
पुढं टीव्हीएवढा पडदा, बटणं गायब.
मी सीटवर नख फिरवलं.
हे कातडं कुठल्याच जनावराचं नव्हतं.
चपलांच्या गावात हे सांगायला लाज वाटते.
दार लागलं, टक्.
बाई काही बोलल्या नाहीत. पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मग मधली.
पांढरी, एकहाती, बासष्ट हजार फिरलेली.
पहिलीचा जडपणा अजून अंगात,
आणि सुटे भाग मिळतात.
दार, धप्पच्या अगदी जवळ.
बाईंचा चेहरा सैल झाला.
मी गुडघे टेकले, सीटच्या खालून हात घातला,
आणि बोटांना टीप लागली.

मी डावखुरा आहे.
माझा टाका उलट्या अंगाला झुकतो,
शेवटाला दुहेरी गाठ, दातानं तोडलेली.
उभ्या कोल्हापुरात असं दुसरं कुणी शिवत नाही.

एकोणीसचा ऑगस्ट.
नदी शाहूपुरीत येऊन आठवडाभर राहिली,
माझा बोळ कोरडा होता, म्हणून कामं माझ्याकडं आली.
सोळा गाड्या.
गाळ खरवडला, फोम बदलला,
गालिचे गच्चीवर वाळत घातले,
वास जाईना तेव्हा लिंबाचं अत्तर ओतलं.
एका गाडीचे चार हजार.
त्या कुठं जाणार, हे मी विचारलं नाही.
कुणी सांगितलंही नाही.
ही सातवी असेल, किंवा अकरावी.

"कसं हाय आतलं?" धैर्यशीलनं विचारलं.
त्याला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.
मी उठलो. गुडघे झटकले.
"बाई, पुढच्या सीटचा पट्टा ओढा.
तेवढा नाही. अजून. संपेपर्यंत."

त्यांनी ओढला.
जिथं रोजच्या बसण्यात पट्टा कधी येत नाही,
तिथं, अगदी शेवटच्या वितीत,
चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ.
पाणी तिथवर चढून थांबलेलं.
फोम बदलता येतो. पट्ट्याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं तेव्हा.

बाईंनी रेघेवरून अंगठा फिरवला.
पट्टा हळू, हातानं धरून, आत सोडला.
धैर्यशील फोनवर बोलत पत्र्याच्या शेडकडं निघून गेला.
हायवेवरून उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या, गाणी लावून.

मग त्या वाकल्या, सीटची शिवण चाचपली, आणि म्हणाल्या,
"पण काम बाकी सुरेख केलंय हो.
कुणाचं असेल?"