नाकातलं वजन

मुहर्रकमध्ये आमच्या गच्चीवरून
विमानाचं फक्त पोट दिसतं.
चाकं बाहेर काढलेली, झाकणांवर काळे ओघळ.
मी ते ओघळसुद्धा घेतले.

दिवसा मी डक्ट बनवतो.
बावीस गेजचा पत्रा, कड दुमडायची, लॉक ठोकायचं,
वरून छत लागलं की कोणाला दिसणार नाही.
रात्री जुन्या लॅपटॉपवर पुन्हा तेच,
पॅनेल, कड, रिव्हेट,
फक्त इथे पत्र्याने बोट कापत नाही.

नऊ महिने झाले.
पंख जुळवण्यात आख्खा रमजान गेला.
खिडक्या एकेक बसवल्या, कॉपी न करता,
कारण एकतिसाव्या रांगेत काचेला चरा होता
आणि तो एकाच खिडकीला हवा.
सीटच्या पाठीवरचं ते फिरतं बोंड.
टॉयलेटच्या दारावरची हिरव्याची लाल होणारी पट्टी.
त्याच दारातली राखदाणी,
सिगारेट बंद होऊन जमाना झाला, राखदाणी अजून आहे.
कॉकपिट मी कधी पाहिलेलं नाही.
तिथे नुसतं दार लावलं, आणि बंद ठेवलं.

बायको फोनवर विचारते, काय करताय?
मी म्हणतो, टॉयलेटचं दार बसवतोय.
तिला वाटतं, साइटवर.

उडवायचा दिवस शुक्रवार, नमाजनंतर.
पातेलं बाजूला सरकवून
चौघं एका बंकवर दाटीवाटीने बसले.
इंजिनं लागली, धावपट्टी मागे पळू लागली,
विमानाने नाक वर केलं, अजून वर केलं,
आणि भर रस्त्यात म्हैस बसावी तसं
शेपटावर बसलं.
पाच वेळा.
सहाव्यांदा डावा पंखच निखळला.

गेममध्ये दोन गोळे दिसतात.
लाल वजनाचा, निळा उचलणाऱ्या हवेचा.
लाल पुढे हवा, निळा किंचित मागे.
माझा लाल पार मागे, टॉयलेटांपाशी.
राखदाणीलाही वजन असतं, मला काय ठाऊक.

नुवान विमानतळावर लोडर आहे. गॉलचा, बोलतो कमी.
कमरेचा पट्टा सोडत म्हणाला,
पुढच्या पोटात आधी भरतात,
नाहीतर उभं विमानही ढुंगणावर बसतं.
मग वाकून स्क्रीनमध्ये बघितलं.
तू तर सामानच ठेवलेलं नाहीस.

खरंच.
एकशे ऐंशी सीटा, आणि एक बॅग नाही.

मग खोकं केलं.
दोरीच्या दोन फेऱ्या आडव्या, तीन उभ्या,
वर धरायला दोरीचाच कान.
चारी बाजूंना मार्करने
अ. रऊफ परकार, मु. पो. वेसवी, ता. मंडणगड.
आत काय, ते गेम विचारत नाही.
किती किलो, एवढंच विचारतो.
मी तीस लिहिलं, हात आपोआप तिकडेच गेला.

एकाने काय होतंय, नुवान म्हणाला.
शफिउलला त्याच्या खोक्याची दोरी निळीच हवी होती,
आणि गावाचं नाव बंगालीत.
मी अक्षरं बघून बघून काढली, चुकलेली,
त्याने दोनदा पुसायला लावली.
नुवानने नाव सांगितलं नाही,
म्हणाला, त्यावर 'नाजूक' लिही,
असंही कोण वाचतं, मी स्वतः फेकतो.
लाल गोळा इंचाइंचाने पुढे आला.
बाराव्या खोक्याला निळ्याच्या पुढे गेला.

उडालं.

कोणी ओरडलं नाही.
गेममध्ये एकच बेट आहे, बाकी पाणी,
पलीकडे काही नाही, मी जाऊन बघितलंय.
शफिउल म्हणाला, वळव आता.
मी म्हटलं, हो.
अंगठा बटणावरून उचलला नाही.

तेवढ्यात गच्चीवरून खरं गेलं,
चहाचे ग्लास थरथरले.
नुवानने डोळे मिटूनच सांगितलं,
भरलेलं आहे.