चार तास

दशरथ टेकाम गाडी स्टँडला लावतो
आणि निळा डबा खांद्यावरून उतरवतो,
झोपलेलं लेकरू उतरवावं तसा.
आत बर्फाच्या चार लाद्या. एक कानाशी धरून हलवते.
बारीक खळखळ ऐकू आली,
म्हणजे ठीक.

बोरखडीच्या अंगणवाडीत खिचडी शिजते आहे.
यादीत गोवर-रुबेलाची पाच नावं,
कुपीतही डोस पाचच.
एकवीस वर्षांच्या नोकरीत इतकं जुळणारं गणित
मी क्वचित पाहिलं,
म्हणून जुळायचं नाही हेही ठाऊक होतं.

तीन आले.
नैतामांची गुंजन, जिनं सुई आधीच पाहिली.
शेख अयान, जो टोचल्यावर दोन क्षण विचार करत राहिला
आणि मग त्यानं सगळं गाव उठवलं.
देवतळ्यांचा ओजस, आजोबांच्या धोतरात तोंड खुपसून.

कुपीच्या लेबलावर पेनानं लिहिलं आहे: दहा वीस.
भुकटी पाण्यात विरघळली की
ती आपली राहत नाही,
चार तासांची उसनवारी.

साडेबाराला आशाताई वच्छलानं पदर खोचला.
'चाला बाई, त्या काई येत नाइ.'

पऱ्हाटी कमरेइतकी, बोंडं फुटलेली.
डबा थोडा वेळ तिच्या खांद्यावर, थोडा माझ्या.
बाभळीला लुगड्याची झोळी,
आणि रंजना आत्राम मान वर न करता म्हणाली,
'आज टोचसान, रातभर फणफणन पोरगी.
सकाळी मंग येचाले कोन जाइन? तुमी?'

आम्हाला चार निरोप शिकवलेत:
लस कोणती, त्रास काय होईल,
पुढची कधी, कार्ड जपून ठेवा.
याचं उत्तर त्यात नव्हतं.

वच्छला काही बोलली नाही.
तिनं रंजनाच्या कमरेची ओटी सोडली,
स्वतःच्या कमरेला बांधली
आणि तिच्या तासाला लागली.

उजव्या दंडाची कातडी चिमटीत धरली.
पोरगी रडली. मग जीवनसत्त्वाचा अर्धा चमचा,
वाकडं तोंड, पुन्हा रडणं.
कार्डावर अजून 'बेबी ऑफ रंजना'.
'नाव नाही ठेवलं?'
'कवाचं ठेवलं. कोनी इचारलंच नाही. इशिका.'

अर्धा तास बसा, म्हटलं.
ती बसली, दुसऱ्याच्या धुऱ्यावर.
हात रिकामे कसे ठेवतात
ते तिला आठवेना.
मी घड्याळातला तास मोजत होते,
वच्छला मातीतला.

पाचव्या घराला कुलूप.
मेश्राम मिरची तोडायला तेलंगणात गेलेले.
खिडकीच्या फटीतून दिसलं,
खिळ्याला प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कार्ड.
फोन लागला. मागे ट्रॅक्टर, कुणीतरी तेलुगूत ओरडत होतं.
'तिथं दवाखाना आहे का जवळ?'
'पुसतो बाई. इथलं बोलनं समजत नाही आमाले.'
गावाचं नाव तीनदा विचारलं,
तीनदा वेगळं लिहिलं.

दोन वीस.
कुपीच्या तळाशी अर्धा मिली,
उन्हात धरलं तर नितळ.
रजिस्टरात त्याच्यासाठी रकाना आहे: वाया.
मी लिहिलं, एक.
आणि समासात, जिथे तपासणारे बघत नाहीत,
पूर्वेश मेश्राम, नऊ महिने अकरा दिवस,
खाली तिन्ही गावांची नावं.

दशरथ डबा न्यायला आला.
वच्छला ओट्यावर बसून बोटं न्याहाळत होती,
बोंडाच्या टोकांनी सोललेली.
'टोचलं का गं?'
ती हसली.
'तुमच्या सुईपरस कमीच.'